जात, वंश आणि मजुरी : चिरागनगरहून घेतलेला आढावा

अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत, परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात बसला. अण्णा भाऊ स्वतः रशियाला गेले होते ते १९६१ मध्ये, आणि गेले ते घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतून. वाटेगावात मांग जातीत जन्मलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला, गिरणीत आणि मिळेल तिथे राबलेला हा शाहीर. त्याने स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, इंग्रजी अमलाशी झुंजणाऱ्या फकिराची कादंबरी लिहिली आणि ती आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. साम्राज्य, जात आणि वर्ग या तिन्हींचा हिशेब एकाच झोपडीत चालू होता.

विद्यापीठांत या हिशेबाला तुलनात्मक इतिहास म्हणतात. एका देशातली गुलामगिरी, वर्णद्वेष, कामगारांची पिळवणूक दुसऱ्या देशातल्या तशाच गोष्टींशेजारी ठेवून पाहायची. मराठीत हे काम दीडशे वर्षं चालू आहे, आणि ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे अध्यापकाची खुर्ची नव्हती. त्या सगळ्याकडे एकत्र पाहिलं तर मला एक गोष्ट ठळक दिसते. जातीची वंशाशी तुलना करत बसलं की वाद वाढतो आणि माहिती वाढत नाही. कामाची कामाशी, कायद्याची कायद्याशी, मजुरीची मजुरीशी तुलना केली की दोन्हीकडचं काहीतरी नवं कळतं.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करायची, याला इलाज नाही. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा त्यांनी ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, कारण त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली होती. अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. ही अर्पणपत्रिका आपल्याकडे इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातली धिटाई कुणाला जाणवेनाशी झाली आहे. पुण्यातला एक माळी सातासमुद्रापलीकडची घटना घेतो आणि आपल्या शेजाऱ्यांना विचारतो, त्यांनी केलं, तुम्ही कधी करणार? ब्राह्मणांना तो उपऱ्या इराणी आर्यांचे वंशज ठरवतो, म्हणजे राज्यकर्त्यांच्या दप्तरातला वंशसिद्धांत उचलून उलटा फिरवतो. हत्यार म्हणून ते चाललं. इतिहास म्हणून टिकलं नाही, आणि ते पुढे आंबेडकरांनीच सांगितलं.

पण अमेरिकेशी आपलं नातं अर्पणपत्रिकेच्या आधीच जुळलं होतं, कापसातून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतला गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरला पोहोचेना, आणि मुंबईच्या बंदरात कापसाच्या गाठींना सोन्याचा भाव आला. शेअरांचं वेड, बॅकबेच्या भरावाच्या कंपन्या, प्रेमचंद रायचंद यांचा उदय हे सगळं त्या चार वर्षांतलं. १८६५ मध्ये लढाई संपली, गुलाम मोकळे झाले आणि इकडे पेढ्या बुडाल्या. वऱ्हाडात मात्र कापूस राहिला. खामगावला रेल्वेचा फाटा आला, काळ्या मातीत ज्वारीऐवजी कापूस वाढला, आणि शतकाच्या शेवटी दुष्काळ पडला तेव्हा त्याची किंमत कळली. लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवरचं पुस्तक (१९९७) आणि स्वेन बेकर्ट यांचा कापसाच्या साम्राज्याचा जागतिक इतिहास (२०१४) शेजारी ठेवून वाचावीत. बेकर्ट यांच्याकडे नकाशा मोठा आहे, सत्या यांच्याकडे गाव दिसतं. मला दुसरं जास्त उपयोगी पडलं.

कापसामागून गिरणी आली, आणि तुलनेला खरा मालमसाला गिरणीतच आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूत कातायच्या रिंगखात्यात काम मिळे, विणायच्या साचाखात्यात नाही. साच्यावर पगार जास्त. तो त्यांना नाकारण्याचं कारण असं, की धोट्यातली कांडी संपली की नवी भरताना विणकर सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे विटाळ. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. सहा महिने संप करायला जे एकत्र येतात, ते एका धोट्याला तोंड लावायला का नाही? कम्युनिस्ट युनियनकडे याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. साचाखात्यातले मराठे आणि मुसलमान विणकर हाच तिचा कणा होता.

आता हाच धोटा बाहेरच्या देशांत पाहा. लँकेशायरच्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांतही विणकर धोटा तोंडाने ओढत. तिथे बोंब उठली ती क्षयाच्या भीतीने, आणि पुढे कायदा येऊन असले धोटे बंद झाले. एकच लाकडी वस्तू, एकच हालचाल. एकीकडे तो आरोग्याचा प्रश्न ठरला आणि दुसरीकडे शिवाशिवीचा. मात्र इंग्लंड आणि मुंबई यांची तुलना करून थांबलं तर जात ही केवळ आपली खोड वाटते. म्हणून साउथ कॅरोलायनाकडे पाहायचं. तिथे १९१५ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की कापडगिरणीत गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एका खोलीत काम करायचं नाही. काळ्यांच्या वाट्याला गाठी फोडणं, आवार झाडणं, ओझी वाहणं. चाती आणि साचे गोऱ्यांचे. ही स्थिती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत जवळजवळ तशीच राहिली.

फरक कुठे आहे, तर कॅरोलायनात कायद्याचं पान दाखवता येतं. मुंबईत असं पान नाही. इथे कामगार भरती करणारा जॉबर होता, त्याची माणसं होती, आणि 'पूर्वीपासूनची चाल' होती. मालकाला विचारलं तर तो म्हणणार, आमची काही हरकत नाही, कामगारच ऐकत नाहीत. म्हणून अमेरिकेतला लढा कायदा रद्द करण्याभोवती उभा राहू शकला, आणि इकडे रद्द करायला कायदाच नव्हता. राजनारायण चंदावरकरांनी मुंबईच्या भांडवलशाहीच्या उगमावर १९९४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात जॉबर, चाळ, गाव आणि उधारी यांचं जाळं अतिशय बारकाईने उलगडलं आहे. त्या विषयावर त्याच्या तोडीचं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. जातीला मात्र त्यात वर्गाची उपकथा होऊन राहावं लागतं. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधकही होते आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारीही. या दोन गोष्टी एकाच माणसात का आल्या, याचं उत्तर अशा पुस्तकांत हाताला लागत नाही. लोखंड्यांच्या काळातली आणखी एक गंमत सांगायला हवी. हिंदुस्थानातल्या कामगारांचे तास कमी व्हावेत म्हणून मँचेस्टरचे गिरणीमालक हिरिरीने बोलत. मुंबईचं सूत महाग व्हावं, हा त्यामागचा हिशेब. साम्राज्य कधी कधी कामगाराच्या बाजूने उभं राही, स्वतःच्या मालकासाठी.

वंशाचा मुद्दा थोडक्यात उरकतो, कारण त्यावर शाई फार सांडली आहे. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकं मोजून जातींची उतरंड लावली. १९०१ ची जनगणना त्यांच्याच हाताखाली झाली. मुंबई विद्यापीठातले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या पुस्तकात तीच मोजमापं तपासली आणि दाखवलं की उत्तर हिंदुस्थानचा एक पट्टा सोडला तर नाक आणि जात यांचा मेळ बसत नाही. आंबेडकरांनी हाच पुरावा पुढे नेऊन १९४८ मध्ये अस्पृश्यतेला वांशिक मूळ नाही असं ठामपणे मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत ऑलिव्हर कॉक्स या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या काळ्या समाजशास्त्रज्ञाचा जात, वर्ग आणि वंश यांवरचा जाडजूड ग्रंथ आला. वर्णद्वेष ही भांडवलशाहीची निपज आहे, तिला जात म्हणू नका, हे त्यांचं म्हणणं. ते पटण्याजोगं आहे. पण हिंदुस्थानातली जात त्यांना शांत, सर्वमान्य, बंडाविना चाललेली व्यवस्था वाटली. ज्या वर्षी आंबेडकर अस्पृश्यांच्या पराभवाचा इतिहास लिहीत होते, त्या वर्षी हे छापलं गेलं. पुढे १९६० मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जेराल्ड बेरेमन यांनी गढवालच्या एका गावात राहून आल्यावर लिहिलं की खालच्या जाती आपली स्थिती बिनतक्रार मान्य करतात हा समज वरच्यांनी पसरवलेला आहे. त्यासाठी गढवालला जावं लागावं, याचं महाराष्ट्रातल्या वाचकाला हसू येईल.

घुर्ये, आंबेडकर आणि कॉक्स तिघांनीही जात आणि वंश यांची सरसकट सांगड घालता येत नाही असं सांगितलं, पण त्यांच्या आधीच राज्यकर्त्यांनी वंश वापरला होता. कसा वापरला, हे पाहायला 'फकिरा' काढावी. त्या कादंबरीतला सगळ्यात जाचक शब्द आहे हजेरी. गावातल्या मांगांनी ठरल्या वेळी येऊन आपण आहोत हे सांगायचं. चोरी झालेली असो वा नसो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागला, १९११ मध्ये त्याचा नवा अवतार देशभर पसरला, आणि माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो ही त्या काळच्या युरोपातली वंशकल्पना कलमांत उतरली. इथवर आपल्याला माहीत असतं. पण या कायद्याचा दुसरा पाय इंग्लंडमध्येच होता. १८२४ च्या भटकेगिरी कायद्याने बेकार, बेघर इंग्रज गरिबालाही काम दाखव नाहीतर तुरुंगात जा असंच बजावलं होतं. १८६५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम सुटले, आणि महिन्यांच्या आत मिसिसिपीने काळ्या माणसावर भटकेगिरीची कलमं लावली. दंड भरता आला नाही तर कुणाच्या तरी शेतावर राबा. दक्षिण आफ्रिकेत पासबुकं आली, ती १९८६ पर्यंत गेली नाहीत. चार देश, चार चामड्या, आणि सगळीकडे एकच हेतू. माणूस मोकळा फिरता कामा नये, आणि त्याचे हात स्वस्तात मिळाले पाहिजेत.

सोलापूरला हे स्पष्ट दिसलं. मुंबई इलाख्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जमातींसाठी काटेरी तारांच्या वसाहती, म्हणजे सेटलमेंट, उघडल्या. सोलापूर, गदग, हुबळी, म्हणजे जिथे गिरण्या होत्या तिथे. सेटलमेंटमधली माणसं सकाळी गिरणीत जात, संध्याकाळी तारेच्या आत येऊन हजेरी देत. सरकारच्या अहवालात याला सुधारणा म्हणत, गिरणीच्या वहीत ती मजुरी होती. १९५२ मध्ये कायदा गेला, सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही पुस्तकं आपण आत्मचरित्रं म्हणून वाचतो, पुरस्कार देतो आणि मोकळे होतो. त्यांना मिसिसिपीच्या कैदी-मजुरांच्या इतिहासाशेजारी ठेवून मराठीत कुणी सविस्तर लिहिल्याचं मला आढळलेलं नाही. लिहायला हवं.

इथे आपल्या माणसांनाही एक टोचणी देतो. साम्राज्य म्हटलं की मराठी लेखक इंग्रजांपासून सुरुवात करतो. बंगालच्या लोकस्मृतीत बारगीर म्हणजे आपले घोडेस्वार आहेत, आणि तिथे आई मुलाला त्यांचं भय घालत असे. तंजावरपासून कटकपर्यंत पसरलेल्या सत्तेला 'स्वराज्याचा विस्तार' एवढंच म्हणून तुलनात्मक इतिहास लिहिता येत नाही.

अण्णा भाऊंकडे परत येऊ. रशियाच्या प्रवासाचं त्यांचं पुस्तक कौतुकाने भरलेलं आहे. स्टालिनच्या काळातल्या छळछावण्यांवर ते काही म्हणत नाहीत, हा त्यांच्यावरचा आक्षेप रास्त आहे. पण त्यांच्याआधी २९ वर्षं अमेरिकेतला काळा कवी लँगस्टन ह्यूज सोव्हिएत मध्य आशियात फिरत होता, आणि त्यानेही जवळपास तशाच नजरेने पाहिलं. ताश्कंदच्या वाहनांत काळ्यांसाठी वेगळी जागा नाही, ही त्याच्या लेखी मोठी बातमी होती. घरी ज्याला गाडीत मागे बसवतात, त्याला परक्या देशात सर्वांत आधी बसायची जागा दिसते. हे भाबडेपण आहे, आणि त्या भाबडेपणात पुरावाही आहे, फक्त तो रशियाबद्दलचा नसून अमेरिकेबद्दलचा आणि महाराष्ट्राबद्दलचा आहे. मायदेशाबद्दल अण्णा भाऊ भाबडे नव्हतेच. 'स्मशानातील सोनं' या कथेत मुंबईच्या उपनगराकडेला राहणारा भीमा दगडाची खाण बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत सोनं शोधू लागतो. बेकारीवर याहून भेदक पान मराठीत क्वचित लिहिलं गेलं असेल.

१९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर काढली. ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेतलं ते उगाच नव्हतं. मराठवाड्यात म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून काळ्यांच्या साहित्याची ओळख घेऊन आले होते, जनार्दन वाघमारे त्यावर लिहीत होते, 'अस्मितादर्श' या नियतकालिकात चर्चा झडत होत्या. १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया सगळ्यांना घेतलं आणि थेट व्हिएतनामपर्यंत नातं जोडलं. त्याच जाहीरनाम्यावरून ढाले आणि ढसाळ यांचं फाटलं. हा कम्युनिस्टांचा कागद आहे, असं ढाल्यांचं म्हणणं. तुलनेचा विस्तार वाढला आणि संघटना फुटली. काळ्या पँथरांचं तिकडे असंच काहीसं झालं होतं, पण त्यांच्यामागे अमेरिकेचं गुप्तहेर खातं लागलं होतं. आपल्याकडे तेवढीही गरज पडली नाही. शरद पाटलांनी पुढे मार्क्स, फुले, आंबेडकर अशी जोड घालून हा तिढा विचारांत सोडवायचा प्रयत्न केला. त्यांची भाषा इतकी जड, की ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांतल्या फार थोड्यांपर्यंत ते पोहोचलं.

हा तिढा पोथीतला नव्हता, हे घाटकोपरनेच दाखवलं. ११ जुलै १९९७ ला सकाळी पूर्व द्रुतगती मार्गाकडेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा जण मेले. त्यांतले कितीतरी महामार्गावर नव्हते, वस्तीच्या आत होते. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव गुंडेवार आयोगाने मानला नाही. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि उच्च न्यायालयातून त्याला लवकरच जामीन मिळाला. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या घरात गळफास घेतला. हा माणूस आयुष्यभर डाव्या कलापथकात गायला, आणि मरताना त्याने डोक्याला निळी पट्टी बांधली. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' केला तो या पट्टीचा अर्थ शोधत. इतिहासाच्या पुस्तकांत 'जात की वर्ग' हे प्रकरणाचं शीर्षक असतं. इथे ते एका माणसाच्या गळ्याशी आलं.

या गोळीबाराची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलशी करता येईल. २१ मार्च १९६० ला तिथे पासबुकांविरुद्ध जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, ६९ जण गेले. शार्पव्हिल जगाला माहीत आहे, तो दिवस संयुक्त राष्ट्रं दरवर्षी पाळतात. रमाबाई नगर मुंबईबाहेर किती जणांना आठवतं? हा केवळ आकड्यांचा फरक नाही. शार्पव्हिलनंतर सहा वर्षांच्या आत वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्या कलमात वंश, रंग यांच्या जोडीला जन्मकुळ हा शब्द आहे, आणि तो घालण्याची सूचना भारताची होती. २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित कार्यकर्ते त्याच शब्दाच्या आधाराने उभे राहिले, तेव्हा भारत सरकारने ठणकावलं की जात म्हणजे वंश नव्हे. आंद्रे बेतेई यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञानेही तेच म्हटलं. शास्त्र म्हणून बेतेई बरोबर होते, घुर्ये आणि आंबेडकर त्यांच्या बाजूचेच. पण आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांचा संयुक्त राष्ट्रांकडचा अर्ज मागवला होता, अस्पृश्यांसाठी तसं काही करता येईल का हे पाहायला. जात म्हणजे वंश नाही हे माहीत असताना मागवला होता. डर्बनमध्ये सरकार आंबेडकरांचा अर्धा युक्तिवाद वापरत होतं.

गेल्या काही वर्षांत चर्चेचं केंद्र अमेरिकेत सरकलं आहे. इझाबेल विल्करसन यांचं २०२० मधलं पुस्तक अमेरिका, भारत आणि नाझी जर्मनी यांना एका जातिव्यवस्थेच्या चौकटीत बसवतं. वाचनीय आहे, आणि त्याने लाखो अमेरिकन वाचकांना आंबेडकरांचं नाव कळवलं. पण त्यात मजुरी जवळजवळ नाहीच. अपमान आहे, विटाळ आहे, विमानातली वागणूक आहे. धोटा, हजेरी, खाण यांचा पत्ता नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटलने जातिभेदावर बंदी घातली. तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या, मुंबईत वाढल्या आणि स्वतःला समाजवादी म्हणवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तशा विधेयकावर नकाराधिकार वापरला. या सगळ्या वादात साक्षीदार म्हणून दिसतो तो बहुतेक वेळा संगणक अभियंता, आणि ऐकणारे प्रेक्षक न्यू जर्सीपासून फ्रीमाँटपर्यंतच्या सुखवस्तू भारतीय घरांतले.

त्याच न्यू जर्सीत २०२१ मध्ये एका मोठ्या मंदिराच्या बांधकामावरच्या दगडकामगारांनी दावा लावला. भारतातून धार्मिक कामाच्या व्हिसावर आणलेले हे कामगार, त्यांतले बरेच दलित. तासाला सव्वा डॉलरहूनही कमी पैसे मिळतात, आवाराबाहेर जाऊ देत नाहीत, अशी तक्रार. संस्थेने आरोप नाकारले. ज्यांना जात आणि वंश यांची तुलना करायची आहे त्यांनी अभियंत्याचा अर्ज आणि पाथरवटाचा अर्ज दोन्ही मागवावेत, आणि दुसरा आधी वाचावा.